रेस सोडली की बंद

गॅरेजवाल्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गाडी आत येते, बोनेट उघडतं आणि मालकाला करायला काही उरत नाही. मग तो बाकावर बसतो, चहा घेतो आणि बोलायला लागतो. आधी गाडीबद्दल, मग गाडीत बसणाऱ्यांबद्दल, आणि शेवटी जे गाडीत बसायला तयार नाहीत त्यांच्याबद्दल! गाडी संध्याकाळी घरी जाते. किस्से मात्र इथेच राहतात.

गोंदियाजवळ मुर्रीत रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं गॅरेज आहे. आम्ही म्हणजे मी, खेमराज, आणि माझा पार्टनर झनकलाल. झनकचे हात गाडीत आणि माझं तोंड गिऱ्हाइकाजवळ, अशी आमची वाटणी. तो कमी बोलतो. पण बोनेटखालून कधी एखादं वाक्य असं सोडतो की मला हातातला कप खाली ठेवावा लागतो.

नव्या गाड्या गोंदियाला शोरूममध्ये जातात. आमच्याकडे येतात त्या जुन्या, पेट्रोलच्या, पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या. आणि त्यांचं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं गाऱ्हाणं एकच: "मिस्त्री, रेस सोडली की बंद पडते!"

रेस म्हणजे ॲक्सिलरेटर. पाय त्याच्यावरून काढला तरी इंजिनाला थोडी हवा लागतेच. ती हवा मोजून देणारा अंगठ्याएवढा एक वॉल्व्ह असतो, आयडल वॉल्व्ह. वर्षानुवर्षं त्याच्या टोकावर काजळी बसते, हवेची वाट बुजते आणि पाय उचलला की इंजिन गप्प. नाहीतर मग रेस आपल्या आपण वर-खाली होत राहते.

काम तसं छोटं आहे. बॅटरीची तार काढायची, हवेचा पाइप बाजूला करायचा, वायरचा कपलर सोडवायचा, दोन स्क्रू काढायचे की वॉल्व्ह हातात येतो. टोकाला क्लीनर मारायचा, मऊ ब्रशनं काजळी काढायची, तो बसतो ते भोकही पुसायचं. मग रबराची नवी रिंग घालून परत बसवायचा. बस!

पण या बारक्याशा वॉल्व्हपायी आमच्या बाकावर कोणकोण येऊन बसलं, ते सांगतो.

* * *

कटरे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांची क्रीम रंगाची गाडी त्यांच्यासारखीच सावकाश चालते. एक दिवस ते बायकोला, म्हणजे आमच्या काकीजींना, घरी सोडून एकटेच आले.

"खेमराज, प्रत्येक ब्रेकरवर गाडी बंद पडून राहिली. आज हिला न सांगता आलो."

"न सांगता काऊन, गुरुजी?"

"तू आधी काम कर. मग सांगतो."

झनकनं वॉल्व्ह काढला. डांबरासारखा काळा. साफ केला, बसवला. गाडी शांत उभी राहिली. गुरुजी खूश होऊन गेले.

आठवडा झाला नसेल, गाडी पुन्हा दारात. या वेळी काकीजी पुढे आणि गुरुजी मागे.

"मिस्त्री, काय करून ठेवलं जी तुम्ही गाडीले?"

मी घाबरलो. "काय झालं काकीजी? पुन्हा बंद पडून राहिली का?"

"बंद पडत नाही, तेच तं सांगून राहिली! आमच्या गावाच्या वेशीवर मारुतीचं देऊळ हाये. इतके दिवस गाडी बरोब्बर देवळासमोर थांबे. आपल्या मनानं! मी हात जोडो, हे चाबी फिरवत, मग आम्ही पुढे जाऊ. आता गाडी सरळ निघून जाते. देवाले पाठ दाखवून!"

देवळासमोर ब्रेकर आहे, हे मला ठाऊक होतं. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ब्रेकरचं नाव काढलं नाही.

"काकीजी," मी म्हटलं, "गुरुजी ब्रेक दाबून थांबवतील ना आता."

"हे?" काकीजींनी गुरुजींकडे पाहिलंसुद्धा नाही. "लग्न झाल्यापासून हे माझ्या म्हणण्यावर कुठं थांबले? गाडी तरी थांबत होती!"

बोनेटखालून झनकचा आवाज आला, "काकीजी, गाडीचं आमच्या हातात होतं. गुरुजीचं तुम्हीच पाहा!"

गुरुजी आता देवळासमोर थांबतात. काकीजींचे हात जोडून होईपर्यंत पाय ब्रेकवर असतो, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं.

* * *

देवरीकडचे एक मुनशी आहेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात फडीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, बसून पानांचे पुडके मोजून घेतात. त्यांच्या गाडीचा रोग उलटा. ती बंद पडत नव्हती, उभ्या उभ्या स्वतःच रेस घेत होती. घुर्रर्र करून वर, मग खाली, पुन्हा वर.

एकदा जंगलाच्या नाक्यावर गार्डनं त्यांना थांबवलं. काच खाली करायला सांगितली. मुनशींनी काच खाली केली आणि तेवढ्यात गाडीनं घुर्रर्र केलं!

गार्ड समोर येऊन उभा राहिला. "पळून राहिले का?"

"नाही साहेब."

घुर्रर्र!

"मंग रेस कायले देऊन राहिले?"

मुनशींनी दोन्ही हात वर केले. दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली. "पाहा साहेब, मी काहीच नाही करून राहिलो! हीच करून राहिली!"

घुर्रर्र!

"उतरा खाली," गार्ड म्हणाला. मुनशी उतरले. दोघंही गाडीपासून दूर उभे राहिले. आत कोणी नाही. जंगलात सगळीकडे शांत. आणि गाडी आपली एकटीच, घुर्रर्र... घुर्रर्र...

गार्डनं डिक्की उघडायला सांगितलं नाही, कागद मागितले नाहीत. एक पाऊल मागे सरकून नाक्याचा बांबू वर केला.

"घेऊन जा बाप्पा हिले. लवकर घेऊन जा!"

मुनशी म्हणतात, वॉल्व्ह साफ झाल्यापासून तोच गार्ड डिक्की उघडून शेवटल्या पोत्यापर्यंत पाहतो!

* * *

गोंदियाच्या बाजारात विक्कीचं कापडाचं दुकान आहे. घरात हिंदी चालते. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरच्या घरी वॉल्व्ह काढला. आणि सांगायला पाहिजे, बरोबर काढला. बॅटरी सोडली, स्क्रू खराब केले नाहीत, स्प्रे मारला आणि सुकायला म्हणून वॉल्व्ह एका वाटीत घालून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. मग दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी दोरीनं ओढत आमच्याकडे. मागून स्कूटीवर विक्की, आणि त्याच्या मागे त्याची आई, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन.

"भैया, सब वापस लगाया, फिर भी रेस पकड़ नहीं रही," विक्की म्हणाला. "तो फिर निकाल के लाया हूँ."

आईनं डबा उघडला. आत रुमालावर वॉल्व्ह. मी या धंद्यात शेकड्यानं वॉल्व्ह पाहिले, पण असा पाहिला नव्हता. समईसारखा चमकत होता! कंपनीतून निघाला तेव्हासुद्धा एवढा चमकला नसेल.

"माताजी, हे कोणी केलं?"

"मैंने," त्या अभिमानानं म्हणाल्या. "बर्तनों में पड़ा था. इतना काला! पहले इमली लगाई, फिर राख से घिसा. फिर रातभर पानी में रखा."

विक्कीनं डोळे मिटून घेतले. त्या वॉल्व्हच्या पोटात तारेची गुंडाळी असते. बाहेरून कितीही पुसा, तिला पाणी चालत नाही. ती गेली होती.

आता हे कसं सांगायचं? बाई एवढ्या हौसेनं आल्या होत्या. झनक कधी नाही तो पुढे झाला. "माताजी, साफ तो एकदम बढ़िया हुआ है. लेकिन अंदर से उमर हो गई थी बेचारे की. नया डालेंगे."

त्यांचं समाधान झालं. नवा वॉल्व्ह बसेपर्यंत त्या बाकावर बसल्या नाहीत. उघड्या बोनेटमध्ये वाकून इंजिन पाहिलं, मग आमचं टेबल, मग भिंत, मग फरशी. शेवटी मला विचारलं, "भैया, आप लोग सब कुछ ऐसा ही काला रखते हो?"

 झनक सावकाश चालत गेला आणि आमचे चहाचे कप पाठीमागे झाकून उभा राहिला!

* * *

स्क्रूचा एक किस्सा सांगतो, छोटाच आहे.

त्या वॉल्व्हचे दोन स्क्रू म्हणजे आमची परीक्षा. धातू मऊ आणि वर्षानुवर्षं गरम होऊन जाम बसलेला. जोर लावला की डोकं घासून जातं.

एका रिटायर्ड हवालदारांच्या गाडीत असाच एक स्क्रू अडला. आधी मी जोर लावला, मग झनकनं, मग पुन्हा मी. दोघंही घामाघूम. हवालदारसाहेब बाकावरून सगळं पाहत होते. शेवटी उठले.

"काय करून राहिले तुम्ही?"

"साहेब, निघत नाही."

"मारून राहिले त्याले. अशानं कोणी बोलत असते का? आम्ही पहिल्यांदा चहा पाजत होतो."

त्यांनी झनककडून तेलाची कुपी घेतली, स्क्रूच्या मुळाशी थेंब सोडले, पेचकस त्याच्या डोक्यावर ठेवून मागून हातोडीनं हलकेच टकटक केली आणि सगळं खाली ठेवून दिलं. "मागवा चहा."

चहा आला. साहेबांनी आम्हाला बायकोच्या गुडघ्यांपासून नातवाच्या कॉलेजपर्यंत सगळं सांगितलं. स्क्रूकडे एकदाही पाहिलं नाही. दुसरा चहा झाला. मग उठले, पेचकस लावला आणि मनगट थोडंसं फिरवलं.

"कुई" करून बारीक आवाज आला आणि स्क्रू फिरला!

साहेबांनी पेचकस झनकच्या हातात दिला. "घ्या. कबूल झाला. आता लिहून घ्या."

* * *

सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून सुखदेव मडावींचं घर आहे. वनखात्यात मजुरी करून रिटायर झाले. मुलगा जुनी गाडी घेऊन स्टेशनच्या सवाऱ्या मारतो. एका दुपारी सुखदेवकाका स्वतः गाडी चालवत आमच्याकडे आले. इंजिन बंद केलं नाही. खिडकीतून हातानं खुणावलं, इकडे ये.

"काकाजी, उतरा ना."

"उतरलो तं बंद पडते. तू पाना घेऊन ये, मंग उतरतो."

गाडी आत घेतली, झनक कामाला लागला आणि काका बाकावर बसले. उजवी मांडी चोळत होते.

"पाय दुखते का काकाजी?"

"आता कमी हाये. त्या दिवशी तं लाकूड झाला होता."

मग त्यांनी सांगितलं.

सुनेचे दिवस भरले होते. मुलगा सवारी घेऊन रायपूरला गेलेला, ती गाडी दुसऱ्याची. घरात ही जुनी गाडी आणि चालवणारे एकटे काका. सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. गावातल्या आशाताईनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, इथे थांबू नका, मूल आडवं वाटते, गोंदियाला न्या. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. काका, काकू आणि सून निघाले. शेजाऱ्यांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली, कारण बॅटरीही उतरलेली होती. म्हणजे वाटेत एकदा बंद पडली की संपलं. धक्का मारायला रस्त्यात कोण?

रेस सोडायची नाही, एवढं एकच काकांनी डोक्यात ठेवलं. वळणावर रेस, ब्रेकरवर रेस, म्हशी आडव्या आल्या तरी रेस. आणि मग रेल्वेचं फाटक. बंद!

काकांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि रेस दाबून धरली. मालगाडी आली. डबे संपता संपेनात. ती गेली, फाटक उघडलं नाही. दुसरी यायची होती. पाय थरथरायला लागला. मग पोटरीत गोळा आला. काकांनी काकूंना हाक मारली.

काकू मागच्या सीटवरून उतरल्या, पुढे आल्या, दार उघडून खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी काकांचा गुडघा दाबून धरला.

"बाहेरून पाहणाऱ्याले वाटलं असंल, म्हातारी पाया पडून राहिली माझ्या," काका म्हणाले.

मागे मोटारसायकलवर दोन पोट्टे होते. धूर त्यांच्या तोंडावर. एक जण ओरडला, "ओ काकाजी, कायले रेस देऊन राहिले? विमान हाये का?"

काकूंनी गुडघा न सोडता मान वळवली. "पोरीले कळा येऊन राहिल्या रे आत! गाडी बंद पडली तं तूच उचलून नेजो!"

तो पोट्टा गाडीवरून उतरला. खिडकीतून आत पाहिलं. मग पुढे गेला आणि एकेका गाडीवाल्याशी बोलत रांगेच्या तोंडापर्यंत पोचला. फाटक उघडलं तेव्हा एकही गाडी हलली नाही. ट्रक नाही, बस नाही, सायकल नाही. मधून वाट मोकळी. काका रेस न सोडता पार झाले.

दवाखान्यात सुनेला आत नेलं. काकू तिच्यासोबत गेल्या. काका गाडीतच. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टर म्हणाल्या की नागपूरला न्या तर? म्हणून रेस दाबून बसले. किती वेळ गेला, त्यांना कळलं नाही. शेवटी नर्सबाई बाहेर आल्या.

"आजोबा, नात झाली. दोघी चांगल्या आहेत. आता ती गाडी बंद करा, वॉर्डात धूर येऊन राहिला!"

काकांनी पाय उचलला. गाडी बंद पडली. आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून ते रडले, हेही त्यांनीच सांगितलं.

झनक हातातला ब्रश तसाच धरून ऐकत होता. "नाव काय ठेवलं काकाजी?"

"रेशमा," काका म्हणाले. "घरचे सारे रेशमा म्हणतात. मी रेसमाच म्हणतो."

* * *

वॉल्व्ह परत बसवल्यावर एक काम राहतं, आणि ते गिऱ्हाइकाला सगळ्यात कठीण जातं. काहीच करायचं नाही! गाडी चालू करायची, रेसला पाय लावायचा नाही, एसी लावायचा नाही. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत गाडीला आपली आपण उभी राहू द्यायची, म्हणजे तिला नव्यानं हवेचा अंदाज येतो.

देवरीचं एक जोडपं आलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. सगळं माझ्यामार्फत.

"मिस्त्री, हिले सांगा, ही गाडी आता विकाची हाये."

"भाऊ, यांना सांगा, याच गाडीवर मी चालवायला शिकली. विकू देणार नाही."

मी मध्ये उभा. इकडचं तिकडे सांगायचं तर दोघंही ऐकतच होती!

काम झाल्यावर मी दोघांना गाडीत बसवलं. "भाऊ, पंखा फिरून थांबेपर्यंत उतरू नका. कशाला हात लावू नका. मोबाइल पण नको." मोबाइलचा आणि वॉल्व्हचा काही संबंध नाही. मी आपलं सांगून टाकलं.

लांबून पाहत राहिलो. आधी दोघंही समोर पाहत होती, जसे बसच्या सीटवर अनोळखी बसतात. मग ताईंनी काही म्हटलं. भाऊंनी मान हलवली. मग भाऊ बरंच काही बोलले. ताईंनी पदर तोंडाला लावला. रडून राहिल्या की हसून, तेवढं काचेतून दिसलं नाही. मग काच वर गेली.

पंखा फिरला. थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा थांबला. मी जाऊन काचेवर टकटक केली.

भाऊंनी काच थोडीशी खाली केली. "मिस्त्री, राहू द्या अजून चालू. ही सांगून राहिली."

गाडी त्यांनी विकली नाही. पुढल्या महिन्यात भाऊंचा फोन आला. आवाज हळू, घरातून बोलत असावेत.

"मिस्त्री, गाडी एकदम बेस हाये. पण ते... कशाले हात न लावता बसून राहाचं काम, ते पुन्हा कधी करावं लागते?"

* * *

आता झनकचा स्वतःचा किस्सा. तो हे सांगू देत नाही. आज तो तिरोड्याला सामान आणायला गेला आहे, म्हणून सांगतो.

त्याची मुलगी लता गोंदियाला एका मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे. तिला पाहायला मुलगा आला, नितेश. राईस मिलमध्ये सुपरवायझर. दिसायला देखणा, बोलायला गोड. सोबत त्याची आई शकुंतलाबाई. वडील नाहीत. मायलेक ट्रेननं आले होते. पाहणं छान झालं. लतानं पोहे दिले, शकुंतलाबाईंनी पुन्हा मागून घेतले. झनकच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

परतीच्या गाडीला त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. शकुंतलाबाई म्हणाल्या, "लताले बी येऊ द्या. तेवढ्याच गोष्टी होतील."

झनकनं आपली गाडी काढली. मिस्त्रीच्या गाडीची हालत काय असते, ते दुसऱ्या मिस्त्रीलाच ठाऊक. गावभरचे वॉल्व्ह साफ केले, स्वतःचा राहिलेला! झनक चालवायला, शेजारी नितेश, मागे लता, शकुंतलाबाई आणि दाराला चिकटून मी.

स्टेशन थोडं दूर असताना समोर ट्रॅक्टर आला. झनकनं पाय उचलला आणि गाडी बंद. चाबी फिरवली, चालू झाली, पुन्हा बंद. पुन्हा फिरवली. मग चालूच होईना.

झनकनं नवा पांढरा शर्ट घातला होता. मानेवर घाम आला. आयुष्यभर बोनेट उघडणारा माणूस, त्याच्या हाताला बोनेटचा खटका सापडेना! मी उतरायला लागलो, तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. लता उतरली होती. साडीचा पदर कमरेला खोचून तिनं बोनेट वर केलं.

"काका, पेचकस द्या. बाबा, तुम्ही बसा. वॉल्व्हच हाये."

लहानपणापासून शाळेतून थेट गॅरेजात येणारी मुलगी. तिला सांगावं लागलं नाही. बॅटरीची तार काढली, मी हवेचा पाइप धरला, तिनं स्क्रू सोडवले. तेवढ्यात तिच्या बांगड्या मध्ये यायला लागल्या. शेजारून एक हात पुढे आला. शकुंतलाबाई! त्यांनी लताच्या बांगड्या काढून आपल्या हातात चढवल्या आणि तिचा पदर मागून धरून उभ्या राहिल्या.

खिडकीची काच खाली झाली. "आई, किती वेळ लागते? ट्रेन हाये ना," नितेश म्हणाला.

"तू बस."

काच वर झाली.

वॉल्व्ह निघाला. टोकावर काजळीचा थर. पण पुसायचं कशानं? क्लीनर गॅरेजात. लतानं इकडेतिकडे पाहिलं. "स्पिरिटसारखं काही असतं तर..."

शकुंतलाबाईंनी एक क्षण विचार केला आणि काचेवर टकटक केली. "नितेश, तुझ्या बॅगेतला तो फुसफुस दे."

"बॉडी स्प्रे? आई, तो नवीन हाये!"

"दे म्हटलं ना!"

स्प्रे आला. लतानं वॉल्व्हचं टोक खाली धरून स्प्रे मारला, तारेच्या बाजूला उडणार नाही असा, आणि शकुंतलाबाईंनी आपल्या रुमालानं, अगदी बाळाचा कान पुसावा तशी काजळी पुसली. रुमाल काळा झाला. त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. दोघींनी मिळून वॉल्व्हला फुंकर घातली, तो चांगला सुकू दिला आणि बसवला. तार जोडली.

झनकनं चाबी फिरवली. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली! रस्त्यावर सगळीकडे त्या स्प्रेचा मोगरा सुटला. एक सायकलवाला मान वळवून पाहत गेला.

ट्रेन मिळाली. नितेशनं हसून सगळ्यांना नमस्कार केला. शकुंतलाबाईंनी प्लॅटफॉर्मवर लताच्या बांगड्या एकेक करून तिच्या हातात परत चढवल्या.

परत निघालो. झनकनं विचारलं, "मंग काय बेटा? कसं वाटलं?"

लता खिडकीबाहेर पाहत होती. "बाबा, सासू पसंत हाये. पोरगा नाही."

संध्याकाळी शकुंतलाबाईंचा फोन आला. झनकचा चेहरा पडलेला. एवढ्या चांगल्या बाईला नाही कसं म्हणायचं? त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे पाहत अडखळत म्हणाला, "बाई, पोरगी म्हणते... थोडा विचार करून सांगतो."



"विचार कायचा, भाऊ?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "तिच्या जागी मी असती, तं मीबी नाही म्हटलं असतं."

झनक काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या. 

"ते राहू द्या. फोन लताले द्या जरा. आमची गाडी उभ्या उभ्या घुरघुर करते, तिले आवाज आयकवाचा हाये. थांबा हं, चाबी कुठं ठेवली, पाहू द्या."